दोनदा नाही, एकदा हो

जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येतं, असं सांगणारा महापुरुष आमच्या रस्त्यावर अवतरला. आश्चर्यानं तोंडात बोट घालावं म्हटलं, तर तिथे आधीच डॉक्टरीणबाईंची बोटं होती. माझी दाढ काढायची होती आणि डावा जबडा बधिर होत होता.

खिडकीतून समोरचा हॉल दिसत होता. रांग जिना उतरून पार फुटपाथवर आलेली. महाराज मौनी. डोळे मिटून बसायचे. उजवा हात वर गेला की ‘हो’, डावा गेला की ‘नाही’. एका बैठकीत प्रश्न तीन. शिष्य भोंग्यावरून सांगत होता, "महाराजांना दोनच शब्द पुरतात. तिसरा पृथ्वीला पेलवणार नाही."

इंजेक्शन चढेपर्यंत पेशंटला कोडी घालायची डॉक्टरीणबाईंना खोड.

"एका बाईनं भर बाजारात एका माणसाच्या गळ्याला फास लावला. त्यानं तिचे आभार मानले. का? ‘हो-नाही’त उत्तर येईल असे प्रश्न विचारा."

मी "आँ" म्हणालो.

"शिंपीण होती. कॉलरचं माप घेत होती. तुम्ही फार लवकर हरता."

तेवढ्यात काउंटरवरच्या ताई आत आल्या. चार महिन्यांपूर्वी त्यांचा नवरा दुपारचा चहा पिऊन आडवा झाला, तो उठलाच नाही. दाखल्यावर लिहिलं होतं, हृदय बंद पडलं. ताई रडल्या नाहीत. पाचव्या दिवसापासून काउंटरवर बसून नंबर पुकारत राहिल्या.

"मॅडम, सोमवारी सुट्टी हवीय. वन्संना त्यांच्या मावसभावाकडे सोडून यायचंय. कायमचं."

"का गं? साठीच्या बाईला परक्या घरी?"

"त्यांनी ह्यांना चहातून काहीतरी दिलं." ताईंनी हे ‘पुढचा नंबर सात’ म्हणावं तसं सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"समोरचे महाराज. दोनदा गेले होते. आजारानं गेले का? नाही. बाहेरच्या शत्रूनं मारलं का? नाही. घरातल्यानं? हो. दुसऱ्या वेळी विचारलं, पुरुषानं का? नाही. पैशासाठी का? नाही. बाईनं का? हो. घरात बायका दोनच. मी तर इथे होते."

डॉक्टरीणबाईंनी पक्कड खाली ठेवली. "नाही, नाही, हो. नाही, नाही, हो. अगं, मी गोळ्या लिहून देते, सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री हो, त्याच चालीवर आहे हे. प्रश्न झाला की काय होतं?"

"शिष्य घंटा वाजवतो. मग हात वर होतो."

"म्हणजे महाराज प्रश्न ऐकतात की घंटा?"

बाईंनी पक्कड पुन्हा हातात घेतली.

दाढ निघाली. बाईंनी चिठ्ठीवर काहीतरी खरडलं, घडी करून माझ्या खिशात घातली. "तुम्हीच ठेवा. तुम्हाला आज फोडता येणार नाही." मग ताईंच्या कानात तीन प्रश्न सांगितले आणि आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो.

आमची पाळी आली. ताई म्हणाल्या, "महाराज, मी जिवंत आहे का?"

घंटा वाजली. डावा हात वर.

"देहानं आहे, मनानं नाही," शिष्य घाईघाईनं म्हणाला. ताईंना ते पटलेलं दिसलं.

"या हॉलचं दार उघडं आहे का?" दारात वीस माणसं उभी होती. डावा हात.

"महाराज मोक्षाच्या दाराबद्दल बोलताहेत," शिष्याच्या कपाळावर घाम आला होता.

"माझी नणंद निर्दोष आहे का?"

उजवा हात.

बाईंनी माझ्या खिशातली चिठ्ठी काढून पहिल्या रांगेतल्या पोस्टमनला वाचायला दिली. त्यानं मोठ्यानं वाचलं, "नाही, नाही, हो." मग बाई पुढे झाल्या. महाराजांच्या जटा बाजूला सारून चिमट्यानं कानातून बोटभर कापूस ओढला. कापूस काढण्यात त्यांचा हातखंडा आहे.

महाराजांनी डोळे न उघडता विचारलं, "झाले का सगळे?"

हे तीन शब्द होते. पृथ्वीनं ते पेलले.

"कोडं घालणाऱ्याच्या डोक्यात निदान उत्तर असतं," बाई लोकांना म्हणाल्या. "यांच्या डोक्यात काहीच नव्हतं. गोष्ट तुम्ही रचलीत, यांनी फक्त हात मोजले. ‘नाही’ जास्त ठेवले, कारण दर वेळी ‘हो’ म्हणणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवला नसता. पुढच्या वेळी एकच प्रश्न तीनदा विचारून बघा. त्याला फी लागत नाही."

माणसं जिना उतरली. कोणाला राग आलेला दिसला नाही. चपला शोधण्यात सगळे गुंतले होते.

ताईंनी आम्हाला सोबत घरी नेलं. एकटीनं जायचा धीर होत नव्हता. वन्सं खिडकीपाशी जुनी उशी शिवत बसल्या होत्या.

"वन्सं, मला वाटलं होतं तुम्ही ह्यांना मारलंत."

"माहीत आहे. दोन आठवडे माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला विचारलंच नाहीस."

ताई तशाच दारात उभ्या होत्या. मग वन्संनी सुई पुढे केली.

"एवढा दोरा ओवून दे. मला दिसत नाही."