साहेबांच्या हस्ते मी सुरू झालो

मी एक जुने विमानाचे इंजिन आहे. माणसाला जमिनीवरून उचलून आकाशात नेणाऱ्या थोर कुळात माझा जन्म झाला. मित्रांनो, त्या कुळातला मी सर्वांत धाकटा. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी असून मी आजवर एकाही माणसाला उचललेले नाही. ज्या विमानाच्या नाकावर मी बसत असे, ते एका गृहस्थाच्या काखेत मावायचे, आणि ते गृहस्थ मला घेऊन जिना उतरू लागले की शेजारपाजारच्या खिडक्या धडाधड बंद होत. तरीही स्वतःला 'विमानाचे इंजिन' म्हणवून घ्यायची मला लाज वाटली नाही. लाज वाटण्यासारख्या इतर गोष्टी पुष्कळ होत्या.

उदाहरणार्थ, माझा आहार. मला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल नावाचे एक स्पिरिट आणि त्यात चक्क एरंडेल, हे माझे इंधन. थोर कुळातील बाकीची मंडळी काय पितात मला ठाऊक नाही, मला मात्र जन्मभर एरंडेल मिळाले. हे मिश्रण गमतीचे नाही. ते पेटले तर उन्हात ज्योत दिसत नाही, आणि पोटात गेले तर माणसाची दृष्टी जाते. माझे मालक चष्म्याचे दुकान चालवायचे, त्यामुळे ही दुसरी गोष्ट त्यांना फारच लागली. इंधनाचा डबा ते कुलपात ठेवत आणि त्यावर त्यांनी दुकानातल्या तक्त्यावर असतात तेवढ्या मोठ्या अक्षरात 'विष' असे लिहिले होते. चष्मा न लावता वाचता येईल असे.

चष्मेवाले फार नीट माणूस. माझ्याबरोबर आलेला सूचनांचा कागद बहुतेक लोक तेल पुसायला वापरतात. यांनी तो वाचला. विमानाच्या नाकाशी कठीण लाकडाची फळी होती. तिच्यात सरळ भोके पाडून त्यांनी मला चार बोल्टांनी आवळले आणि थरथरीने सैल होऊ नयेत अशा नटांनी ते बोल्ट अडकवले. पहिल्यांदा चालवून झाल्यावर पुन्हा आवळले, कारण लाकूड दबते. पंख्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची आहेत ना, ते सुईवर तोलून पाहिले. चष्म्याचे स्क्रू बसवणाऱ्या माणसाच्या हाती पडलो हे माझे भाग्य. सैल बसवलेले इंजिन विमानाला सोडून एकटेच पुढे जाऊ शकते, आणि ते कुणाच्या दिशेने जाईल हे आधी सांगत नाही.

पहिल्यांदा मला गच्चीवर, टेबलाला करकचून बांधून चालवले. नव्या इंजिनाला सुरुवातीला इंधन जास्त देतात, म्हणजे ते संथ चालते आणि आतले भाग एकमेकांना सरावतात. जास्तीचे तेल ते मागे फेकते. मागे दोरीवर शेजारणीच्या चादरी होत्या.

"अहो चष्मेवाले," ती गच्चीत येऊन म्हणाली, "या चादरी धुतलेल्या होत्या हो. आता यांना जुलाब झालेत."

माझ्या आयुष्यातला हा पहिला जाहीर अभिप्राय. मी खाली मान घातली असती. पण मला चार बोल्ट होते.

पुढची वर्षे सुखाची गेली. गावाच्या कडेला एक मोकळे मैदान होते. आसपासच्या सगळ्या मोकळ्या जागांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, तेवढे एक उरले होते. तिथे विमान उडवायची परवानगी असलेले एक मंडळ होते आणि चष्मेवाले त्याचे सभासद होते. सुट्टीच्या सकाळी ते आणि त्यांची बायको मला घेऊन जात. बाई पाळणाघर चालवायच्या. माणूस दोन वर्षांचा असो की साठ, तो कुठेही बोट घालणारच, या एका सिद्धांतावर त्यांचा धंदा उभा होता. सुरू करताना विमान मागून घट्ट धरायचे काम त्यांच्याकडे असे, कारण न धरलेले विमान सुरू झाले की निघते.

आमची एक पद्धत होती. मला सुरू करण्याआधी चष्मेवाले मोठ्याने विचारायचे आणि बाई मोठ्याने उत्तर द्यायच्या.

"डोळे?"

"झाकले."

"बाह्या?"

"वर."

"गळ्यात?"

"काही नाही."

"समोर, बाजूला?"

"कुणी नाही. आता चालू करा, माझे गुडघे गेले."

मग ते रबर लावलेल्या काठीने पंखा फिरवायचे. बोटाने कधीच नाही. सुरू झालो की मागच्या बाजूला येऊन प्लग तापवणारी बॅटरी काढायची, मागूनच इंधन कमीजास्त करणारी सुई जुळवायची. मंडळातले लोक या प्रश्नोत्तरांना 'हजेरी' म्हणून हसायचे. मलाही ते जरा लाजिरवाणे वाटे. इतरांची इंजिने नुसती सुरू होत, माझी मात्र शाळा भरायची. त्यातून मी पहिल्या झटक्यात कधी सुरू झालो नाही. काठी सात-आठदा फिरवावी लागे. बाई म्हणायच्या, "झोपेतून उठतंय हो ते. आमच्या पाळणाघरातली पोरं बरी."

पण एकदा वर गेलो की सगळे माना वर करून पाहत, आणि चष्मेवाल्यांचा चेहरा असा होई की त्यांचे वय सांगता येऊ नये. दिवसभर दुसऱ्यांना लांबचे दाखवणाऱ्या माणसाला लांब पाहायची तेवढीच संधी होती.

मग परवानगीची मुदत संपत आली. ती वाढवणे एका साहेबांच्या हाती होते. ते वाढवतील की नाही, कुणालाच माहीत नव्हते. मंडळाच्या सचिवांना सगळे 'कार्यक्रम' म्हणत, कारण कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे तो एकच उपाय होता. ते दुकानात येऊन म्हणाले, "साहेबांना प्रमुख पाहुणे करू. त्यांच्या हस्ते इंजिन सुरू करू. नुसती फीत काय, कुणीही कापतं."

"साहेबांनी कधी इंजिन चालवलंय का?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"त्यांनी कधी पूलही बांधला नाही, पण उद्घाटन केलंच ना?"

"मग काठी देऊ त्यांच्या हातात."

"काठी? साहेबांच्या हातात? गुरं वळायला बोलावतोय का आपण? बोटाने एक टिचकी मारतील, फोटो होईल, संपलं. आणि ती तुमची हजेरी नको हं त्या दिवशी. साहेबांना बाह्या वर करा म्हणून सांगणार का तुम्ही?"

चष्मेवाल्यांना हे पटले नाही. पण मैदान हवे होते. रात्री जेवताना त्यांनी बायकोला समजावले, "अगं, ते पहिल्या झटक्यात कुठे सुरू होतं? साहेब एकदा फिरवतील, टाळ्या होतील, ते बाजूला होतील. मग मी काठीने सुरू करतो."

"म्हणजे तुमची सगळी सुरक्षा त्या इंजिनाच्या आळसावर," बाई म्हणाल्या.

कपाटावरून मी ऐकत होतो. माझ्या आळसावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव नव्हता, पण खुर्च्या होत्या. साहेब वेळेवर आले, हसतमुख होते, माणूस वाईट नव्हता. गळ्यात टाय होता. तो कोटात खोचलेला होता, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण 'कार्यक्रम' यांनी पुढे होऊन त्यांच्या छातीवर एक भलाथोरला बिल्ला लावला. त्याला दोन लांब रेशमी रिबिनी होत्या. त्या वाऱ्यावर छान हलत होत्या.

बाईंनी गुडघे टेकून विमान मागून धरले. चष्मेवाल्यांनी प्लगला बॅटरी लावली. "डो—" एवढे त्यांच्या तोंडून सवयीने निघाले. 'कार्यक्रम' खाकरले. चष्मेवाल्यांनी तोंड मिटले.

साहेबांनी टिचकी मारली.

मित्रांनो, मी पहिल्या झटक्यात सुरू झालो.

का, ते मला आजही सांगता येत नाही. ऊन चांगले तापले होते, इंधन ताजे होते. किंवा इतकी माणसे खुर्च्यांवर बसून आपल्याकडे पाहत आहेत, हे बघून मी हुरळलो असेन. बोट वेळेत निघाले, हे नशीब. टाळ्या कडाडल्या. साहेबांना वाटले, आपल्याला हे जमते. ते बाजूला झाले नाहीत, उलट आणखी जवळ आले.

"साहेब, जरा वाका. थोडं अजून. इंजिनाकडे बघा," फोटोवाला म्हणाला.

साहेब वाकले. फिरणारा पंखा दिसत नाही. तो धुरकट काचेसारखा असतो, आणि नवख्या माणसाला वाटते तिथे काहीच नाही. साहेबांनी फोटोसाठी बोट पुढे केले, नेमके त्या काहीच नसलेल्या जागेकडे. रिबीन बोटाच्या आधी पोचली. फट्‌ असा आवाज झाला आणि एक गुलाबी तुकडा खुर्च्यांच्या दिशेने उडाला. उरलेली रिबीन हेलकावून पुन्हा माझ्याकडे आली, तिच्यामागे बोट. मी थांबू शकत नव्हतो. थांबणे माझ्या हातात कधीच नव्हते. हीच माझ्या जातीची सर्वांत मोठी लाज आहे. माझ्यात ताकद आहे, पण लगाम दुसऱ्याच्या हातात.

"हात मागे!" बाई ओरडल्या. "मागे म्हटलं ना! मागे!"

आणि त्यांनी सगळे विमान दोन्ही हातांनी स्वतःच्या मांडीकडे ओढून घेतले, कोपराने दाबून धरले आणि इंधनाची नळी चिमटली. मी फुरफुरलो, खोकलो आणि भर टाळ्यांत बंद पडलो. त्याच क्षणी फोटो निघाला. त्यात साहेब अत्यंत आत्मविश्वासाने हवेकडे बोट दाखवीत आहेत.

साहेबांनी आपल्या बिल्ल्याकडे पाहिले.

"बाई, तुम्ही कोणाशी बोलताय?"

"ज्याचं बोट जात होतं त्याच्याशी."

बोट जागेवर होते, त्यामुळे या उत्तराला कुठलाच पुरावा नव्हता. गेले असते, तर सर्वांनी बाईंना दुवा दिला असता. 'कार्यक्रम' घाईने पुढे आले. "साहेब, माफ करा. त्यांची तब्येत जरा बरी नाही. उन्हाचा त्रास. हो ना हो, चष्मेवाले?"

सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिले. बायको अजून गुडघ्यांवरच होती, पदरावर माझे एरंडेल सांडलेले, नळी चिमटीत. चष्मेवाले एकदा मैदानाकडे बघून म्हणाले, "हो. ऊन फार आहे."

बाई उठल्या, पदर झटकला आणि विमान नवऱ्याच्या हातात दिले. आजवर ते त्याच धरत आल्या होत्या.

घरी मला टेबलावर ठेवल्यावर चष्मेवाले माझ्याकडे बघत म्हणाले, "मला दिसत होती."

"काय?"

"रिबीन. त्यांनी बिल्ला लावला तेव्हाच दिसली. म्हटलं, बोललो तर मैदान जाईल."

"चष्म्याचं दुकान आहे तुमचं, दिसणारच," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला तिथे आजारी का केलंत?"

ते म्हणाले, "लाज वाटते गं." 

"वाटू दे," बाई म्हणाल्या, आणि पदराचा डाग धुवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले साहेबांच्या कार्यालयात गेले. माझ्या बायकोला उन्हाचा त्रास नव्हता, चूक माझी होती, ती वेळेवर ओरडली म्हणून बरे, असे सांगायला. साहेब कामात होते. बाहेरच्या शिपायाने निरोप घेतला. तो त्याने दिला की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मला कुणी उडवले नाही. मी दुकानात, चष्म्यांच्या फ्रेमींमध्ये एका फळीवर असतो. त्या दिवशी घाईत माझ्यातले उरलेले इंधन जाळून टाकायचे राहून गेले. त्यातले एरंडेल आतल्या आत वाळून डिंकासारखे घट्ट झाले आहे आणि माझा दट्ट्या हलत नाही. नव्या नंबरचा चष्मा लावून बघणारे गिऱ्हाईक कधी कधी मला पाहून विचारते, "हे काय आहे?" चष्मेवाले म्हणतात, "नीट वाचा बघू, ती खालची ओळ."

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे इंजिन तुमच्या घरी आले, तर त्याला कठीण लाकडावर नीट आवळून बसवा. काठीने सुरू करा, मागे उभे राहा, काम झाले की इंधन संपवून तेलाचा थेंब घालून कापडात गुंडाळून ठेवा. गळ्यात, हातात, छातीवर काही लोंबत असेल तर काढा, ते मानाचे असले तरी काढा. आणि समोर कितीही मोठा माणूस असो, त्याला मागे व्हायला सांगा. तो रागावेल. रागावलेल्या माणसालाही दहा बोटे असतात, हे ध्यानात ठेवा. आणि जो कुणी ओरडून सांगेल, त्याला आजारी ठरवू नका.

साहेबांची सगळी बोटे शाबूत आहेत. परवानगी नाकारल्याच्या पत्रावर त्यांनी उजव्या हाताने सही केली. सही फार सुबक आहे. मैदानावर आता गाड्या लावतात.