लिटर मूळचा आमच्या घरातला

मुलगी बघायला कुंडलला गेलो, तर भाचा शंभूराज पाय हलवायचा थांबेना. कुपवाडच्या कारखान्यात तो दुधाची स्टीलची मापं बनवतो. फोटो बघितल्यापासून त्याची झोप उडालेली. मुलीनं नको म्हटलं तर पोरगं खचणार, हे मला दिसत होतं.

प्रियदर्शनी चहा देऊन समोर बसली. बीएस्सी झालेली. तिनं शंभूला सरळच विचारलं, "तुमी लिटरची मापं करताय. लिटर म्हणजे नेमकं किती, आन् आलं कुठनं?"

शंभूचा गुडघा टीपॉयला लागून कपबश्या वाजायला लागल्या. मग मलाच तोंड उघडावं लागलं.

"पोरी, लिटर मूळचा आमच्या घरातला. आमचे खापरपणजोबा म्हशी विकायला फ्रान्सला गेलते."

"म्हशी कशा न्हेल्या वो?" तिचे वडील बाळासो.

"पोहत! तिथं गावागावाला माप निराळं, रोज डोकी फुटायची. राजा रडकुंडीला आलता. खापरपणजोबांनी पिशवीतला तांब्या काढून ठेवला. म्हणाले, ह्यो धरा एक. त्योच लिटर."

बाळासोंना हसून ठसका लागला. मुलगी हसली नाही.

"मापं निराळी हुती, एवढंच खरं. राजाला हटवल्यावर लोकांनी नवं ठरवलं. आतनं धा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल डबा. त्यात मावतं त्यो लिटर. नाव घेतलं लित्राँ म्हणून धान्याचं जुनं माप हुतं, त्याच्यावरनं." मग शंभूकडं वळून, "आता तुमी सांगा. खरं कुणाचं?"

मी त्याला डोळा घातला. बहिणीचं पोर, मामाला सोडतंय कशाला?

त्यानं घाम पुसला. "मामा थापा मारतोय. पर मलाबी ठावं नव्हतं. रोज गोल मापं करतोय; चौकोनी कवा केलं न्हाई."

"मग करा की. लिटरभर पाणी मावतंय का बघू, मग पुढचं बोलू."

"आत्ता?"

"मी कुठं नको म्हणले?"

पोरगं उठलं ते थेट गाडीवर. मला मागं बसवायचंसुद्धा भान नाही! फाटकातनं गाडी गेली कुपवाडकडं, आणि मी हातात कप घेऊन तसाच.

प्रियदर्शनी दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. तिथूनच आत हाक मारली, "आई, भाकरी जास्त थाप. त्यास्नी यायला उशीर हुईल."