छातीचं माप

अभिमानाने छाती फुगावी, असा प्रसंग प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी येतो. आमच्या टेलरमास्तरांच्याही आला, फक्त त्यात अभिमानाचा भाग नव्हता. गोळ्यांचा होता.

प्रोस्टेटचा कॅन्सर. तो पुरुषी हार्मोनवर पोसतो, तेव्हा त्याची रसद तोडायची, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, रोज गोळी, आणि हे काही वर्षं तरी. रसद तुटली ती दोघांचीही. कॅन्सर निमूट झाला आणि मास्तरही. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, कॉलर भिजायची, पंखा दिवसभर चालू. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, "मास्तर, पंख्याशी लग्न लावलंय का? जरा आमच्याकडेही बघा की!" मास्तर हसायचे आणि मान खाली घालून सुईत दोरा ओवायचे, कारण हसता हसता त्यांना रडू यायचं. कशाचंही यायचं. एकदा एका गिऱ्हाइकाची पँट आखूड झाली म्हणून आलं. पँट त्यांनी शिवलेलीही नव्हती.

हे एक वेळ चाललं असतं. पण बनियनखाली दोन्ही बाजूंना दुखरा फुगवटा आला, आणि नवऱ्याने जिथे नवरा असायचं असतं तिथे काहीच उरलं नाही. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? मास्तरांनी डॉक्टरांच्या तोंडाने सांगितलं. "डॉक्टर म्हणालेत, वेगळं झोपा. औषध कडक आहे, घामातून उतरतं." आणि वरच्या मजल्यावरचं घर सोडून दुकानामागच्या खोलीत मुक्काम हलवला. बायको "बरं" म्हणाली. ती दुकानात काज-बटण करायची. तिथेही आता कामापुरतंच बोलणं राहिलं.

माणूस शिंपी असला की लाज झाकायची सोय घरचीच. मास्तरांनी स्वतःसाठी ढगळ शर्ट बेतला, आणि फुगवटा दिसू नये म्हणून एकाऐवजी दोन खिसे लावले, वर झाकणं. घड्याळवाल्याने तो पाहिला. "वा, मास्तर! मला पण असाच." मग त्याच्या मेव्हण्याला. मग मेव्हण्याच्या साहेबाला. बघता बघता अर्धी गल्ली मास्तरांची लाज अंगात घालून हिंडू लागली. लोक कौतुक करायचे, आणि मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुकानाची एक जुनी रीत होती. मास्तरांनी टेप लावून माप पुकारायचं, बायकोने ते मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. एका सकाळी दुकानात गिऱ्हाईक नाही हे बघून मास्तर ट्रायलच्या पडद्याआड गेले, शर्ट काढला आणि स्वतःलाच टेप लावली. जन्माची सवय, तोंडातून खणखणीत गेलं, "छाती बेचाळीस!"

"बेचाळीस!" बाहेरून बायको. "कंबर?"

पडद्याआड मास्तरांनी घाईघाईने टेप गुंडाळायला घेतली.

"कंबर किती? अहो, कोणाचं माप घेताय? दुकानात तर चिटपाखरूही नाही."

"गिऱ्हाईक होतं. गेलं."

"कुठून? कपाटातून?"

मास्तर शर्टाची बटणं लावत बाहेर आले. एक काज चुकलं होतं. बायकोने ते पाहिलं आणि ती पुन्हा हातातलं बटण लावू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या तपासणीला ती सोबत निघाली. "मी पण येते," एवढंच म्हणाली. खुर्चीवर टेकताच तिने विचारलं, "डॉक्टर, ह्यांनी अजून किती दिवस वेगळं झोपायचं?"

"वेगळं? का बुवा?"

"औषध घामातून उतरतं ना."

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहिलं. डॉक्टर भला माणूस, घसा साफ करून म्हणाले, "तसं काही नसतं. अंगाची आग होते, मन हळवं होतं, छाती सुजते, इच्छा जाते. त्यावर थोडेफार उपायही आहेत. मी सुरुवातीलाच बोललो होतो, घरी सांगितलं असेलच यांनी."

"सांगितलंय की," बायको म्हणाली. "सगळं सांगितलंय."

तिने खोटं बोलून मास्तरांची अब्रू राखावी, हे त्यांना शर्ट काढून उभं राहण्याहून उघडं वाटलं.

परत येताना ती दोन पावलं पुढे चालत होती. दुकानात शिरल्यावर तिने शटर पुन्हा खाली ओढलं आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन खाटेवर बसली.

"मला वाटलं, मी नकोशी झाले."

"छे गं! भलतंच."

"मग? एवढा आजार लपवला नाहीत, आणि हे काय लपवत होता?"

मास्तरांनी बटणं काढली. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. नवीन शिवलेला कपडा बघावा तशी ती बघत राहिली. कुठे ताणतंय, कुठे झोळ आहे.

"दुखतं?"

"हात लागला तर."

"आणि एवढ्यासाठी इतके महिने इथे?"

"एवढ्यासाठी काय! बाईमाणसासारखं झालंय सगळं."

"मग मी काय पहिल्यांदा बघतेय?"

मास्तरांना हसू आलं, आणि शिरस्त्याप्रमाणे मागोमाग रडू. तिने ते होऊ दिलं. मग चपला काढून ती आडवी झाली.

"सरका तिकडे."

मास्तर भिंतीला टेकेपर्यंत सरकले. खाट एकाच माणसाची होती.