डाव्या पंखाखाली

टोळाचा एक पाय विमानाच्या पंखाच्या कडेला चिकटून राहिला होता — बाकी टोळ कुठे गेला कुणास ठाऊक, नुसता पाय, बारीक दातांचा — आणि लेनोरा ओल्या फडक्यानं तो पुसत होती, निघून गेल्यावरही पुसत होती. एवढ्याशा घाणीनंही वेग कमी होतो म्हणे. म्हणे कशाला, होतोच! असलं सगळं लोकांना सांगायचा अधिकार तिला गेल्या सप्टेंबरात, विमानांच्या शर्यतींतल्या पहिल्याच मोसमात मिळाला होता : तिसरा क्रमांक, नवोदितांचा करंडक, वर्तमानपत्रात फोटो. आणि आज, जूनच्या या कोरड्या सकाळी, धावपट्टीवरच्या शाळेत चार नव्या वैमानिकांना 'ओलांडणं' शिकवायचं होतं.

"तूच शिकव," मर्ल फोनवर म्हणाला होता. "शेवटच्या फेरीत मला मागं टाकलंस ना? मग सांग की त्यांना, म्हाताऱ्याला कसं गुंडाळलं ते."

मर्ल किंकेड, वय एकाहत्तर. तिला या खेळात आणणारा तोच, तिच्या अर्जावर सही करणारा तोच, आणि तिनं ओलांडलं तेही त्यालाच. गुंडाळलं... हा शब्द त्यानं सहज वापरला, की... छे! चोराच्या मनात चांदणं.

जमिनीपासून पन्नास फुटांवर, ताशी अडीचशे मैलांनी आठ विमानं खांबांना वळसे घालतात, तेव्हा ओलांडणाऱ्यानं पुढच्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. झालाच, तर त्याच क्षणी वर उठायचं, बाहेर पडायचं. शर्यत गेली खड्ड्यात. आणि शर्यतीनंतर संध्याकाळच्या बैठकीत प्रत्येकानं उभं राहून आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. लेनोराही उभी राहिली होती. "तिसऱ्या खांबाला मी फार उंच गेले," ती म्हणाली होती. खरंच गेली होती. लहानसं खरं पुढं केलं की मोठ्याकडे कुणी बघत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मोठं खरं असं, की मर्ल तिच्या डाव्या पंखाखाली गेला आणि दिसेनासा झाला. एक... दोन... वर उठायला हवं होतं. ती उठली नाही. मग मान वळवली तर तो मागं होता, आणि ती पुढं.

हिवाळाभर तिनं त्या दोन सेकंदांची व्यवस्था लावली — उन्हाची तिरीप होती, सगळ्यांचंच असं होतं, आणि झालं तर काहीच नाही ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. झोप लागत होती, जेवण जात होतं. मग हे बोचत का नाही, एवढंच तिला कधीकधी विचित्र वाटायचं.

हँगरमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या खुर्चीत मर्ल डोनट खात बसला होता. लेनोरानं सगळे वैमानिक करतात तसे दोन्ही हात हवेत धरले : डावा मर्ल, उजवा ती. उजवा हात डाव्याच्या मागून आला, बाजूनं वर चढला, पुढं सरकला...

"मॅडम, थांबा," गार्नर म्हणाला. चौघांतला एक, विमानानं शेतांवर औषध फवारणारा, चाळिशीचा, शंकेखोर माणूस. "इथं तो तुम्हाला दिसतो कुठून?"

तिनं पाहिलं. उजव्या तळव्यानं डावा हात पुरता झाकला होता. उत्तर तयार होतं, हिवाळाभर घासूनपुसून ठेवलेलं.

"दिसत नव्हता," ती म्हणाली.

मर्लनं बोटांवरची साखर झटकली. "किती वेळ?"

"दोन सेकंद."

"चार," मर्ल म्हणाला. रागानं नाही; लाकडाची लांबी सांगावी तसं. "तुझं चाक माझ्या डोक्यावर होतं. वर जावं तर तू, खाली जावं तर जमीन. दुसरं करणार काय? मोजत बसलो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बाई गं, चूक तुझी, मी कशाला बोलू? आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून वाट बघितली. नऊ महिने! आता सांग ह्यांना. वर का नाही उठलीस?"

उन्हाची तिरीप... नव्हतीच. तो दिसेनासा झाला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुढं मोकळं वाळवंट, कुणी नाही, मर्लही नाही — तो जणू जन्मलाच नव्हता, आणि तिनं त्याला तसंच राहू दिलं होतं. दोन सेकंद तरी तिच्या माहितीतले होते. उरलेले दोन तिला ठाऊकच नव्हते, आणि त्यांतही तो होता, तिच्या चाकाखाली, आकडे म्हणत.

चौघेही थांबले होते. गार्नरनं वहीतून मान वर केली होती. हात खाली घ्यायचं लेनोराला सुचलं नाही. खालचा हात, मर्लचा, अजून उजव्याखाली झाकलेलाच होता, आणि आता कुठं, नऊ महिन्यांनी, तिला भीती वाटली.