फौजदाराची भाकरी

कुत्र्याचं नाव फौजदार ठेवलं ते हैबतीने, आणि ते निव्वळ थट्टेने. पोलादपूरहून पिशवीत घालून आणलेलं मूठभर पिल्लू घरात शिरलं, थेट उंबऱ्यावर जाऊन बसलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघू लागलं. हैबती हसून म्हणाला, "फौजदारच आलाय बदली होऊन." पुढे पिल्लाने नाव खरं करून दाखवलं. कशेडी घाटाच्या कुशीतल्या त्या वाडीत त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाचं कोंबडंही इकडचं तिकडे होत नसे.

वाडी म्हणजे तरी काय, पाचपंचवीस घरं, आणि त्यातली बहुतेक कुलपातली. गणपतीत आणि शिमग्याला ती उघडायची, चार दिवस माणसांनी भरायची आणि पुन्हा मुंबईकडे तोंड करून गप्प व्हायची. उघडी राहायची ती म्हाताऱ्यांची घरं. हैबती आणि चंद्रभागेचं घर त्यातलंच, सगळ्यात वरच्या अंगाला, मागे शेळ्यांचा गोठा आणि गोठ्याच्या खाली पऱ्या, डोंगरातून उतरणारा ओहोळ. पावसात हा पऱ्या अंगावर धावून येतो, पण माघ लागला की त्यात नुसती वाळू आणि गोटे उरतात.

हैबतीची नजर काचबिंदूने नेली होती. उजेड आणि अंधार, एवढंच त्याला कळे. तरी तो रोज शेळ्या घेऊन माळावर जात होता, आणि जात होता तो फौजदाराच्या भरवशावर. फौजदाराच्या गळ्यात घुंगरू होतं. पुढे घुंगरू, मागे काठी टेकत हैबती, आणि मध्ये शेळ्या. शेळी कुणाच्या वालात घुसली तर तिला हाकलून आणायचं काम फौजदाराचं, आणि तिला शिव्या घालायचं काम हैबतीचं. दोघांचं झकास जमलं होतं.

हैबती-चंद्रभागेच्या मुलाला, मंगेशला, हे मुळीच पसंत नव्हतं. तो मुंबईजवळ दिव्याला राहायचा. गेल्या गणपतीत त्याने आईबापाला समोर बसवून सांगितलं होतं, "बाबा माळावर जातायत तोपर्यंत तुमचं तुम्ही बघा. ज्या दिवशी बाबांचं जाणं थांबेल त्या दिवशी शेळ्या विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. मग एक शब्द ऐकणार नाय मी." हैबतीने मान डोलावली होती. मंगेश गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "चवथ्या माळ्यावर मला नेऊन ठेवतोय, गो. तिथं मी उठून जाऊ कुठं?" त्या दिवसापासून फौजदाराच्या भाकरीवर चंद्रभागेने कधी तूप कमी पडू दिलं नाही.

आता या भाकरीचीही एक गोष्ट होती. फौजदार लहान असताना वाडीतल्या एका कुत्र्याला करडांच्या रक्ताची चटक लागली होती आणि शेवटी त्याला मारावं लागलं होतं. चंद्रभागेने तेव्हाच ठरवलं, आपल्या कुत्र्याला ही सवय लागू द्यायची नाही. खाली पडलेलं उचललं की तोंडावर चापट, आणि आपल्या हातचं खाल्लं की पाठीवर हात. नाचणीची भाकरी ती कालवणात कुस्करायची, मुठीत दाबून तिचा मुटका करायची आणि गोठ्याशेजारच्या फुटक्या दगडी डोणीत ठेवून आपल्या कामाला निघून जायची. फौजदार यायचा, मुटका हुंगायचा आणि मगच खायचा. दुसऱ्या कुणी कितीही लाडाने दिलेलं तो हुंगून सोडून द्यायचा. लग्नाच्या पंगतीत खरकट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी हा आपला तोंड फिरवून बसलेला. बायका विचारायच्या, "चंद्रभागे, फौजदारांचा आज उपास काय गो?" आणि चंद्रभागा अशी फुलायची की विचारू नका.

नातवाच्या बारशाला ती मुंबईला गेली तेव्हा मात्र फौजदाराने हैबतीला रडवलं. हैबतीने भात घातला, दूध घातलं, शेजाऱ्याकडची मासळीसुद्धा घातली, पण कुत्र्याने कशालाच तोंड लावलं नाही. शेवटी तिने जाताना थापून ठेवलेली एक वाळलेली भाकरी हैबतीला डब्यात सापडली. ती फौजदाराने पाण्याशिवाय कडाकडा चावून खाल्ली. ही गोष्ट चंद्रभागेने पुढे वाडीभर सांगितली, आणि एकदा सांगून तिचं समाधान कधी झालं नाही.

कोल्ह्यांचा त्रास सुरू झाला तो घाटाखालून बोगदा झाल्यावर. तोपर्यंत सगळ्या गाड्या कशेडीच्या वळणांवरून जायच्या आणि वळणावळणावर हॉटेलं होती. हॉटेलांमागे हाडं, भात, पाव यांचे ढीग पडायचे आणि त्यावर कोल्ह्यांची सुखाने गुजराण चालायची. गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या, हॉटेलं बंद पडली आणि कोल्हे वाडीत उतरले. निदान भरतचं म्हणणं असं होतं. भरत हा वाडीतला एकुलता एक तरुण. मुंबईतली नोकरी गेली म्हणून परत येऊन त्याने कोंबड्यांची शेड टाकली होती. त्यामुळे कोल्ह्यांवर त्याचा दात होता.

कोल्हे यायचे जोडीने, दिवेलागणीच्या सुमाराला. एक जण समोरच्या बांधावर उभा राहून फौजदाराला चिडवायचा. फौजदार त्याच्यामागे धावला की तो पळ काढायचा, फार नाही, पुढच्या बांधापर्यंत. तेवढ्यात दुसरा पऱ्यातून वर चढून गोठ्यात शिरायचा. पौषात त्यांनी एक करडू नेलं. माघात दुसरं नेलं. फौजदार परत येऊन रिकाम्या जागेभोवती हुंगत फिरायचा आणि मग चंद्रभागेसमोर येऊन मान खाली घालून उभा राहायचा. तिला त्या मुक्या जनावराची दया यायची आणि कोल्ह्यांचा संताप.

तिसऱ्या वेळी त्यांनी बुटकीचं करडू मारलं. बुटकी ही म्हातारी शेळी, हे तिचं शेवटचं वेत. करडू डालग्याखाली झाकलेलं होतं, पण कोल्ह्याने डालगंच उलटवलं. अर्धवट खाल्लेलं करडू चंद्रभागेला सकाळी पऱ्यात सापडलं. तिने ते पदरात घालून वर आणलं. बुटकी त्याला हुंगून हुंगून ओरडत होती. चंद्रभागा तिच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता तिच्या मनात काहीतरी घट्ट झालं.

भरत लगेच आला. त्याच्या हातात भाताला टाकायच्या दाणेदार औषधाची पुडी होती. "काकी, औषध घालून एकदाचा निकाल लावू. काय टेन्शन घेऊ नका."

ओसरीवरून हैबती ओरडला, "इख नाय घालायचं हां, भरत! कोल्यालाबी पोट हाय. आनि इख काय कुणाला नाव इचारून मारत नाय. डालग्यावर धोंडा ठेवू, गोठ्याला कूड करू."

"बरं काका," भरत म्हणाला, आणि पुडी त्याने हळूच चंद्रभागेच्या हातात दिली. तिने ती कनवटीला लावली. नवऱ्याला दिसत नाही याचा फायदा तिने उभ्या जन्मात घेतला नव्हता. तो त्या दिवशी घेतला.

हैबती शेळ्या घेऊन माळावर गेल्यावर ती गोठ्याच्या मागे बसली. करडाचं उरलेलं मांस तिने पिठात कालवलं आणि मुठीत दाबून त्याचे मुटके केले. मग काटकीने भोक पाडून त्यात दाणे भरले आणि वरून बोटाने लिंपलं. मनात कोल्हे होते. हात मात्र रोजचंच काम करत होते, आणि त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"फौजदार नाय ना खायचा?" भरतने विचारलं. "बांधून ठेवा पायजे तर."

चंद्रभागेला राग आला. "माझा फौजदार? खाली पडलेलं तोंडाला लावत नाय तो. वाडीला ठावं हाय. आनि बांधला तर राखण कोण करील, तू?"

भरत हसला. दोघांनी मिळून मुटके पऱ्यात, कोल्ह्यांच्या वाटेवर ठेवले. घरी येऊन चंद्रभागेने राखेने आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. संध्याकाळी फौजदाराला रोजची भाकरी घातली. त्याने डोण चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी घुंगरू वाजलं नाही. हैबती काठी घेऊन दारात उभा राहिला. "फौजदार! अरे, कुठं कडमडलास?" तो हाका मारत राहिला. शेळ्या दावणीला ओढ घेत होत्या. चंद्रभागा चुलीपुढून उठली आणि पऱ्याकडे निघाली.

फौजदार वाळूत आडवा पडला होता. तोंडाला फेस वाळलेला, चारी पायांनी वाळू उकरलेली. एकही मुटका उरला नव्हता.

तिथंच वाळूत कोल्ह्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते, अगदी स्वच्छ. मुटक्यांपर्यंत येऊन, भोवती फेरा मारून ते आल्या वाटेने परत गेले होते. माणसाच्या हाताचा वास त्यांना लागला असणार, आणि माणसाच्या हाताला भ्यायचं हे कोल्ह्याला आईच्या दुधाबरोबर कळतं. फौजदारालाही तोच वास आला असणार. त्याने हुंगलं असेल आणि त्याला वाटलं असेल, आज आईने डोण सोडून इथं वाढलंय.

चंद्रभागेला हे सगळं तिथं उभ्या उभ्या समजलं, आणि ती खाली बसली. तिने आपले दोन्ही हात वाळूत खुपसले, पार मनगटापर्यंत.

भरतने फौजदाराला उचलून वर आणलं आणि गोठ्यामागे खड्डा खणला. तो पोरगाही रडत होता. "काकांना साप म्हणून सांगा," तो कुजबुजला. हैबतीने तर स्वतःच विचारलं, "सरप लागला काय गो?" चंद्रभागा "हं" म्हणाली. हैबतीने चाचपडत फौजदाराच्या गळ्यातलं घुंगरू सोडवून घेतलं आणि ते मुठीत धरून दिवसभर ओसरीवर बसून राहिला. त्या दिवशी माळावर कुणीच गेलं नाही. शेळ्यांना भरतने पाला आणून टाकला.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला बसली. पिठात हात घालायचा तिला धीर होईना. उठून तिने हात धुतले, बसली, परत उठून धुतले. कशीबशी भाकरी झाली. तिने हैबतीपुढे ताट ठेवलं आणि रोजच्यासारखा त्याचा हात धरून भाकरीवर नेऊन ठेवला. हैबतीने तुकडा मोडला. तो तोंडाशी नेणार, तोच ती म्हणाली, "सरप नव्हता."

हैबती थांबला.

"इख होतं. मी घातलं, माझ्या हातानं. कोल्यांसाठी. तुमी नको म्हनला होता, तरी."

हैबतीने तुकडा ताटात परत टाकला. ताट हाताने दूर सारलं. मग तो म्हणाला, "आनि त्यानं खाल्लं. तुझ्या हाताचं म्हनून खाल्लं."

"व्हय."

"उद्या मी कुणाच्या मागनं जाऊ, गो?"

पऱ्याच्या पलीकडे कोल्हेकुई सुरू झाली, आज अगदी जवळून, कारण हाकलायला कुणी उठणार नव्हतं. गोठ्यात शेळ्यांनी एकमेकींना अंग भिडवलं. हैबती ते ऐकत बसला. मुठीतलं घुंगरू त्याने एकदा वाजवलं आणि खाली ठेवून दिलं.

"मंगेशला फोन लाव सकाळी," तो म्हणाला. "शिमग्याला येशील तेव्हा आमाला न्यायलाच ये, म्हनावं. शेळ्या भरतला देऊ. बुटकीला मातुर त्यानं इकू नये."

"मी काय केलं हो हे," चंद्रभागा म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. हैबतीने तिला उगी म्हटलं नाही. माफ केलं, असंही म्हटलं नाही. त्याने अंधारात ताट चाचपलं. ते दूर गेलं होतं, त्याच्या हाताला लागेना. तेव्हा त्याने तिच्यापुढे तळहात पसरला.

"दे," तो म्हणाला.

चंद्रभागेने डोळे पुसले. भाकरीचा तुकडा मोडून, कालवणात बुडवून तिने त्याच्या हातावर ठेवला. हैबतीने तो हुंगला नाही. सरळ तोंडात घातला आणि सावकाश चावू लागला.