वरच्या मजल्याची सळई

मी सळई बोलतेय. गच्चीच्या कोपऱ्यातल्या खांबातून वर डोकं काढून उभी आहे. निम्मं अंग सिमेंटात, निम्मं उघड्यावर. रस्त्यानं जाता-येता तुम्ही मला पाहिलं असेल. "यांचा वरचा मजला राहिलाय वाटतं," म्हणून पुढं गेला असाल.

माझ्या बहिणी खांबा-तुळयांत गेल्या अन् निवांत झाल्या. मला मात्र गवंड्यानं बाहेर ठेवलं. पुढच्या वर्षी वरचा खांब जोडायचा होता ना! तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, आले बाई जोडायला!

घरमालक बसचे ड्रायव्हर. माणूस सज्जन, चर्चमधली रविवारची उपासना कधी चुकवली नाही. पण बोलणं सगळं वेळापत्रकासारखं. "पुढच्या वर्षी मजला. मजला चढला की पोराचं लग्न. ठरलं म्हणजे ठरलं."

मालकीणबाई कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, "अहो, 'प्रभूची इच्छा असली तर' एवढं तरी पुढं लावत जा. माणूस म्हणजे चहावरची वाफ."

"त्याची इच्छा असणारच! त्याला काय मजल्याचं वावडं आहे?"

पुढचं वर्ष यायचं अन् जायचं. कधी बाईंचं आजारपण निघालं, कधी बसवाल्यांचा संप. मला गंज चढू लागला. पोराशी लग्न ठरलेली मुलगी दवाखान्यात नर्स होती. तिच्या घरचे आता दुसरं स्थळ बघायचं म्हणत होते. शेवटी ती स्वतःच गच्चीवर आली.

"काका, आम्ही पुढच्या खोलीत पडदा लावून राहू."

"माझी सून पडद्याआड राहणार? लोक काय म्हणतील? अजून एक वर्ष थांबा."

मुलगी डोळे पुसत जिना उतरली.

मालकांनी लगेच टेप काढला अन् माप घेत मागं मागं सरकू लागले. गच्चीला कठडा नव्हता. तोही वरच्या मजल्याबरोबरच व्हायचा होता. त्यांची टाच हवेत गेली. हात फेकला, तो माझ्यावर पडला. मी वाकले, पण सुटले नाही. त्यात माझी कसली मर्दुमकी? खांबानं मला धरलं होतं, म्हणून मी त्यांना धरलं.

ते मला कवटाळून बसून राहिले. मालकीणबाई धावत वर आल्या.

"अहो, काय झालं?"

"मागचं पाऊल कुठं पडतंय ते कळलं नाही, अन् मी पुढच्या वर्षाचं ठरवत होतो." मग गंज लागलेला हात सदऱ्याला पुसत म्हणाले, "पोराला म्हणावं, आजच चर्चच्या पाळकसाहेबांना भेटून लग्नाची तारीख घेऊन ये. अन् पडदा कुठल्या रंगाचा हवा, ते सुनेला विचार."

"आणि मजला?"

"प्रभूची इच्छा असली तर."

"असेल हो. आधी कठडा बांधा!"

कठडा झाला. लग्न झालं. मांडवाची दोरी मलाच बांधली होती. नंतर मालकांनी गंज खरवडून मला सिमेंटचा हात दिला अन् डोक्यावर रिकामा डबा पालथा घातला. आता वारा सुटला की डबा वाजतो अन् माझा जीव पुन्हा वरखाली होतो. थांबायचं कसं, ते मला अजून नीट जमलेलं नाही.

एवढंच सांगते. मला कापू नका, पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेन. पण माझ्यापायी घरातल्या कुणाला ताटकळत ठेवू नका. ताटकळायला मी आहे.