उसना रवंथ

या, जरा जवळ सरका. आज तोताराम नानांची कथा सांगतो. देवादिकांची नव्हे, गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं सुया उकळून देणाऱ्या साध्या माणसाची.

एरंडोलजवळच्या एका गावात, झुंबरबाईच्या गोठ्यात नाना उकिडवे बसून तिच्या म्हशीचं शेण चाचपत होते. ज्वारीचा दाणा गेला तसाच बाहेर आलेला.

“कितला दिन व्हयनात, रवंथ नही?”

“चार,” झुंबरबाई म्हणाली. “आते चारा खास तं शे, नाना. पन आंगले लागस नही.”

“गोळ्या कोन्त्या दिन्या?”

तिने डबा पुढे केला. नवरा छगन दुखण्यातून उठलाच नाही. त्याच्या जंतू मारायच्या गोळ्या उरल्या होत्या. धनी गेला आणि म्हशीने चारा टाकला, म्हणून तिने त्या भाकरीत घालून भरवल्या. माणसाला दोन गोळ्या, तर एवढ्या मोठ्या म्हशीला रोज अख्खी पट्टी, असा तिचा हिशेब.

“तुमलेच इचारं व्हतं ना. तुमी कीर्तनले जाई ऱ्हायंतात.”

नानांना आठवलं. टाळ सुरू झाले होते, आणि चालता चालता तोंडातून निघून गेलं होतं, “चालस, दे.” मोठ्या जनावराला असल्या गोळ्या तोंडावाटे देऊ नका, हे त्यांनीच गावोगाव बजावलेलं. पोटातले चारा जिरवणारे बारीक जीव मरतात. मग पोट भरतं आणि जनावर उपाशी राहतं.

उपाय एकच उरला होता, धडधाकट जनावराच्या रवंथातून ते जीव म्हशीच्या पोटात परत सोडायचे. शेजारच्या हेमराजची गाय रवंथ करत होती.

“नाना, आते गायना तोंडमाईन घास काढतस का? पेन्शन पुरस नही वाटतं,” हेमराज हसला. पण जबडा त्यानेच धरून दिला.

तो कोमट, हिरवा घास नानांनी ओंजळीत झाकून आणला, गुळाच्या पाण्यात कालवून म्हशीच्या घशात सोडला. तीन दिवस, सकाळ-दुपार. तिसऱ्या दिवशी तिचा जबडा एकदा हलला. झुंबरबाईने हात जोडले.

चौथ्या सकाळी म्हैस उठली नाही.

“मीच मारी का तिले, नाना?”

म्हशीचं वय झालं होतं, असं सांगता आलं असतं. मागून हेमराज तेच खुणावत होता.

“नही, अक्का. चूक मनी शे. तू इचारं, मी नीट आयकं नही.”

ती उठून आत गेली. मग घरातून आपलं जुनं लुगडं घेऊन आली, उलगडलं, आणि एक टोक नानांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ते म्हशीवर पांघरलं.

कथा नानांची, पण देवापुढे हात जोडाल तेव्हा चुकलेल्याच्या हातात लुगड्याचं टोक देणाऱ्या झुंबरबाईचं नाव घ्या, एवढंच मागणं आहे.